दीडशे ओळी, हात न लावता

३ फेब्रुवारी, मंगळवार

हरले तर जायचं. जिंकले तर राहायचं. असं ठरलंय, आणि ठरवणारी मीच!

परवा रविवारी धाकटा आला होता. दोन तास बसने, बायकोने दिलेला डबा घेऊन. डबा टेबलावर ठेवला आणि चप्पल काढायच्या आत म्हणाला, "ताई, बस झालं आता. वरची खोली रिकामी पडलीय. चल." हे तिसऱ्यांदा. निमित्त खांद्याचं. डॉक्टरांनी सांगितलंय, उजव्या हाताने गाडी ढकलणं बंद. सांगायला काय जातंय त्यांचं! विणकामाच्या मशीनवर दुसरं असतं काय? सुयांची लांब रांग आणि तिच्यावरून सरकणारी ती गाडी. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. एक फेरी, एक ओळ. एका स्वेटरला पाचशेच्या वर फेऱ्या. एकतीस वर्षं मी हेच केलंय. शाळेचे स्वेटर — राखाडी, नाहीतर गडद निळे.

मी म्हटलं, "हात नको म्हणाले ना? मग मोटर ढकलेल. मी बसवीन मोटर."

तो हसला. वाईट हेतूने नाही, पण हसला. तिथेच माझं डोकं फिरलं.

मग पैज. ५ एप्रिल, रविवार. पाठीचा सरळ तुकडा, दीडशे ओळी, मी गाडीला हात न लावता, एकही टाका न पडता. नाही जमलं तर मुकाट्याने सामान बांधायचं. जमलं तर — धाकटा म्हणाला, "तर हा विषय माझ्या तोंडून परत निघणार नाही. शब्द." मीही म्हटलं, "शब्द!"

आमच्या घरात शब्द म्हणजे शब्द. आठ वर्षांचा असताना आईशी भांडून म्हणाला होता, दुधाला तोंड लावणार नाही. आज त्रेपन्नाचा आहे. अजून चहा कोरा घेतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्या भागांच्या दुकानात जाऊन आले. दोन माणसं उभी राहिली की भरलं, एवढंसं दुकान. भिंतभर प्लास्टिकचे डबे, प्रत्येकावर कागदाची पट्टी. वहीत उतरवून नेलेलं वाचून दाखवलं: मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड एक, ड्रायव्हर एक, स्टेपर मोटर एक, अडॅप्टर एक. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं.

"कोणाला हवंय? नातवाच्या प्रोजेक्टला?"

"मला."

"तुम्हाला?"

"का? वयाची अट आहे?"

मग गुपचूप काढून दिलं. समजावूनही सांगितलं, नाही म्हणू नये. बोर्ड म्हणजे डोकं, पण अंगात ताकद नाही. मोटरीत ताकद आहे, पण डोकं नाही. मध्ये ड्रायव्हर — डोक्याचं ऐकायचं आणि मोटरीला वीज पाजायची. साधी मोटर वीज मिळाली की सुटतेच. ही पावलं मोजून टाकते. दोनशे पावलांचा एक फेरा. म्हटलं, चला, कोणीतरी आपल्यातलं भेटलं. मीही ओळी मोजण्यातच म्हातारी झालेय.

सगळं मिळून एक छोटी पिशवी. येताना दोन्ही हातांनी धरून आणली.

७ फेब्रुवारी, शनिवार

धाकट्याने दिलेला जुना लॅपटॉप कपाटातून काढला. त्याच्याच वस्तूने त्याला हरवणार!

पहिला प्रोग्राम. सात-आठ ओळींचा. एक अर्धविराम राहिला तर पानभर लाल अक्षरांत शिव्या. शाळेतल्या बाईंनीसुद्धा मला इतकं झापलं नव्हतं. पाचव्यांदा जमलं. बोर्डावरचा दिवा लुकलुकला. सेकंदभर चालू, सेकंदभर बंद. मी लावलेला!

कोणाला तरी दाखवावंसं फार वाटलं. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे. तिला दाखवला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मोटरीला चार तारा. लाल, निळी, हिरवी, काळी. इंटरनेटवरच्या चित्रात होत्या त्याच क्रमाने लावल्या. वीज दिली. फिरेना! नुसती थरथरतेय. हीव भरल्यासारखी, जागच्या जागी, आणि वर गुणगुणतेय. प्रोग्राम परत लिहिला. थरथर तीच. बोर्ड बंद करून चालू केला. तीच. दुपारी जेवायचं विसरले. आठवण करणारं कोण आहे म्हणा.

संध्याकाळी सातला धाकट्याचा फोन. बस डेपोत वेळापत्रक सांभाळतो, त्यामुळे सात म्हणजे सात, सहा एकोणसाठ नाही. नेहमी विचारतो, "खांदा कसा आहे?" आज विचारलं, "मोटर कशी आहे?" म्हटलं, "थरथरतेय." म्हणाला, "थंडी वाजत असेल. स्वेटर घाल तिला."

फोन ठेवला. मग एकटीच हसले बराच वेळ.

११ फेब्रुवारी, बुधवार

इंटरनेटवर नवशिक्यांचा एक गट सापडला. घरच्या घरी यंत्रं करणारे लोक. कोणी लाकूड कोरायचं यंत्र करतंय, कोणी चित्र काढायचं. टोपणनाव द्यायला लागतं. 'उलटसुलट' दिलं. विणकामात दोनच टाके, उलट आणि सुलट, त्यापलीकडे मला काय येतं? प्रश्न टाकला. दहा मिनिटांत 'पक्कड' नावाच्या कोणाचं तरी उत्तर: "उलटसुलट सर, आधी फोटो टाका."

सर! दुरुस्त करणार होते. मग म्हटलं, असू दे. सरांना लोक जास्त नीट उत्तर देतात.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

फिरली!!

पक्कडने सांगितलं, रंगांवर जाऊ नका सर, प्रत्येक कारखान्याचे रंग वेगळे. मोटरीत तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. प्रत्येक गुंडाळीची दोन टोकं. चार तारांतल्या कोणत्या दोन एका गुंडाळीच्या, ते ओळखायचं. तुम्ही एकीचं एक आणि दुसरीचं एक असं धरलंत, म्हणून ती बिचारी एकाच वेळी दोन्हीकडे ओढली जातेय. ओळखायची युक्ती काय — वीज काढायची, दोन तारांची टोकं एकमेकींना चिकटवायची आणि मोटरीचा दांडा बोटांनी फिरवायचा. जड गेला तर त्या दोघी एकीच्या. हलका फिरला तर परक्या.

लाल-हिरवी: हलका. लाल-काळी: हलका. लाल-निळी — बोटांना कळलं! दांडा अडला. काहीही जोडलेलं नाही, वीज नाही, आणि दोन तारा भेटल्या की दांडा जड. चार-पाचदा करून पाहिलं, उगीचच.

तारा बदलल्या. वीज दिली. गोल गोल फिरली, लोण्यासारखी.

सातला फोनवर सगळं सांगितलं. अख्खी वीस मिनिटं. लाल आणि निळी एकीच्या, हिरवी आणि काळी दुसरीच्या, एक जरी तार चुकली तरी थरथर. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण "मग? मग?" करत होता. दिवसभर मी मनात सांगायच्या गोष्टी साठवते असं लक्षात आलं. पैज ज्याच्याशी लावलीय त्याच्याचसाठी!

२१ फेब्रुवारी, शनिवार

ड्रायव्हर जाळला.

वीज चालू असताना मोटरीची तार काढू नये, हे गटात मोठ्या अक्षरांत लिहिलंय. मी वाचलंही होतं. तरी काढली. फट्! एक बारीक ठिणगी, आणि मग तो वास. प्लास्टिक आणि केस एकत्र जळावेत तसा.

खोलीत वास भरला. घरात दुसरं माणूस असतं तर आतून ओरडलं असतं, काय जळतंय? मीच मोठ्यांदा म्हटलं, "काय जळतंय?" मग मीच म्हटलं, "काही नाही." मग खुर्चीत बसून रडले. ड्रायव्हरसाठी नाही. आई गेल्यापासून नऊ वर्षांत हे वाक्य घरात कोणी बोललंच नाही, म्हणून.

सातच्या फोनवर सांगितलं, सगळं छान चाललंय.

२३ फेब्रुवारी, सोमवार

नवा ड्रायव्हर. दुकानदाराने न विचारता दोन काढून ठेवले. "एक जाळायला, एक वापरायला," म्हणाला. चावट माणूस. पण बरं वाटलं.

४ मार्च, बुधवार

आठवडाभर सुतारकाम. मोटर टेबलाच्या डाव्या टोकाला, उजव्या टोकाला एक चाक, दोघांमध्ये दातेरी पट्टा, आणि पट्ट्याला गाडी पक्की बांधलेली. मोटर फिरली की पट्टा सरकतो, पट्टा सरकला की गाडी. डाव्या हाताने स्क्रू पिळून पिळून अंगठा सोलला. उजवा खांदा वर जात नाही हे कोणाला सांगत बसायचं?

आज पहिली लोकर चढवली. एकशेवीस टाके. बटण दाबलं. एक ओळ! दोन! तीन! अकराव्या ओळीला गाडी शेवटच्या सुईपाशी पोचली न पोचली तोच उलटी फिरली. लोकर अडकली, सुया वाकल्या, आणि एकशेवीसच्या एकशेवीस टाके सुटून तुकडा खालच्या वजनासकट धप्पकन जमिनीवर. खालच्या मजल्यावरच्यांनी काठीने छत ठोकलं.

चूक माझीच. पूर्वी मशीन शिकायला मुली यायच्या, त्यांना मी रोज ओरडायचे, "शेवटच्या सुईच्या पुढे दोन बोटं गाडी न्या, मग वळवा!" माझा हात आपोआप नेतो. मोटरीला सांगायला विसरले. हाताला जे येतं ते मला येतं असं मला वाटत होतं.

९ मार्च, सोमवार

गाडी सुरू होताना पहिल्या झटक्याला पट्टा उडतो, मोटर गुरगुरते आणि दोन-चार पावलं खाते. गटात विचारलं. तिघांनी तीन उत्तरं दिली. वीज वाढवा. वेग कमी करा. पक्कड म्हणाला, मोठी मोटर घ्या सर.

दुपारी पट्टा सोडला आणि गाडीला हात लावला. डॉक्टर गेले उडत. फक्त दहा फेऱ्या, डोळे मिटून. आणि कळलं! मी गाडी झटक्यात ढकलतच नाही. आधी हळूच सैल करते, मग वेग देते, टोकाशी पुन्हा सोडून देते. पाळणा हलवावा तशी. इतकी वर्षं करतेय आणि मला माहीतच नव्हतं.

तसंच प्रोग्राममध्ये लिहिलं. पहिली पावलं लांब लांब वेळाने, मग लवकर लवकर, शेवटी पुन्हा सावकाश. एकही पाऊल चुकलं नाही. मोटर माझ्यासारखी विणायला लागली. बघून अंगावर काटा आला.

खांदा आता ठणकतोय. दहा फेऱ्यांनी!

१५ मार्च, रविवार

आजची गंमत. मधेच लोकरीची गाठ आली, गाडी अडली. मोटरीने मात्र पावलं मोजणं चालूच ठेवलं. अडून उभी, आणि मनात समजतेय की टोकाला पोचले. मग जी वळली ती पार डाव्या भिंतीवर आपटली. पक्कडने लिहिलं, "सर, तिला डोळे नाहीत. आपण कुठे आहोत हे तिला कधीच कळत नाही, नुसती मोजते आणि विश्वास ठेवते. टोकाला एक बटण लावा. रोज सुरू करताना आधी तिथे जाऊन टेकू दे, मग तिथून मोजू दे."

बटण लावलं. आता सकाळी वीज दिली की आधी हळूहळू डावीकडे जाते, बटणाला टेकते, टक् आवाज होतो, आणि थांबते. मी चहाचा कप घेऊन हे बघायला बसते. रोज. सकाळी घरात कोणीतरी उठलंय असं वाटतं.

२२ मार्च, रविवार

गटात एक नवीन आला. "मोटर फिरत नाही, नुसती थरथरतेय, मदत करा." मी पक्कडच्या आधी लिहिलं: "रंगांवर जाऊ नका. दोन तारा चिकटवा आणि दांडा फिरवून पाहा." तासाभराने त्याचं आलं: "फिरली!! धन्यवाद सर!!!"

तीन उद्गारचिन्हं. मोजली.

३० मार्च, सोमवार

सलग नव्वद ओळी. एकही टाका नाही पडला. म्हणजे जमणार!

आनंद झाला, खोटं का बोलू. पण एक विचित्र झालं. मशीन विणत होतं आणि मी शेजारी बसले होते, हात मांडीवर. करायला काहीच नाही. हाताने विणायचे तेव्हा तास कसे जायचे कळायचं नाही. आता बघत बसले तर एकेक ओळ मोजता येते. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढली. रस्त्यापलीकडच्या लॉन्ड्रीत इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज आला. एवढे आवाज आहेत ह्या घराला, मला पत्ताच नव्हता.

५ एप्रिल, रविवार

जिंकले.

सविस्तर लिहिते, नाहीतर उद्या खरं वाटायचं नाही. दोघं साडेदहाला आले. भावजय मोटर लावलेलं मशीन पहिल्यांदाच बघत होती, पदर सावरून लांबच उभी, चावेल की काय अशी. धाकट्याने खुर्ची ओढून घेतली, खिशातून बसचं तिकीट काढलं आणि त्याच्यामागे पेन्सिलीने रेघा मारायला बसला. गाडीला ओळी मोजायचा आकडा आहे, पण ह्याचा विश्वास स्वतःच्या रेघांवर. "हात कुठेत तुझे?" म्हणाला. मी दोन्ही तळवे मांड्यांखाली घातले आणि त्यांवर बसले.

बटण दाबलं. आधी डावीकडे जाऊन टेकली, टक्. मग सुरू. चार रेघा आणि एक आडवी, चार रेघा आणि एक आडवी. शंभर ओळी सरळ गेल्या. एकशेबाराव्याला लोकर किंचित ओढली गेली. माझे हात मांड्यांखालून सुटायला आले. धाकटा म्हणाला, "ताई, हात!" आणि मला आठवतंय ते हे — त्याचा आवाज घाबरलेला होता. मी हरेन म्हणून घाबरला की जिंकेन म्हणून, ते नाही कळलं.

एकशेपन्नास. थांबली. बारा मिनिटं लागली.

भावजयने तुकडा उजेडात धरून एक-एक टाका पाहिला. "कुठेच पडलेला नाही हो," म्हणाली. धाकटा उठला, मशीनभोवती फिरला. मग मी मिरवलं. मिरवणारच! वीज बंद करून लाल तार काढून दाखवली, वीज लावली. "ही बघ तुझी थंडी वाजणारी मोटर. एवढी एक तार नसली की अशी." तो खाली वाकून बराच वेळ बघत राहिला. "जागच्या जागी," म्हणाला. "सगळा जोर लावून जागच्या जागी." मी बंद करून तार परत लावली.

वाकला तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशातून मोजायची टेप घरंगळली. धातूची, मोठी. त्याने चटकन उचलून पँटच्या खिशात टाकली. भावजय बोलून गेली, "हे टेबल आपल्या जिन्यातून वर जाईल का ते बघायचं होतं ना —" त्याने तिच्याकडे पाहिलं. ती थांबली.

निघताना दारात म्हणाला, "जिंकलीस ताई. शब्द म्हणजे शब्द. आता तो विषय नाही." मी म्हटलं, "हो. नाहीच." त्याने मान हलवली. अजून थोडा वेळ उभा राहिला. मग गेला.

मला काय हवं होतं? हेच ना?

६ एप्रिल, सोमवार

सातला फोन नाही आला. डेपोत काम असेल.

९ एप्रिल, गुरुवार

आज आला. "बरी आहेस ना?" "बरी आहे." "मशीन?" "चालतंय." "मग छान." दोन मिनिटं. बोलण्यासारखं काही उरलंच नाही. काही बिघडलं असतं तर बोललो असतो.

१२ एप्रिल, रविवार

गटात मशीनचा व्हिडिओ टाकला. "जबरदस्त सर!" "सर, प्रोग्राम द्या ना!" पक्कड म्हणाला, "सर, तुम्ही आता नवशिके राहिला नाहीत." मी शेवटी लिहिलं, "मी सर नाही. बाई आहे." पक्कडने लिहिलं, "अरे वा!" त्यानंतर कोणाची तरी मोटर तापत होती, सगळे तिकडे गेले.

ह्या आठवड्यात सहा स्वेटर झाले. खांद्याला आराम आहे. डॉक्टर खूश होतील. मी सकाळपासून कोणाशी बोलले ते आत्ता आठवून पाहिलं. मोटरीशी. "सावकाश गं," म्हटलं होतं.

१४ एप्रिल, मंगळवार

भावजयचा फोन. तिचा, त्याचा नाही. इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "ताई, एक मेपासून वरच्या खोलीत शिकवणी सुरू करतेय. दहा-बारा मुलं येतील. तुमचं तर ठरलंच आहे ना इथे यायचं नाही म्हणून?" मी म्हटलं, "हो हो, ठरलंच आहे. कर की."

"ह्यांनी खिडकीपाशी दिवा लावून घेतला होता," म्हणाली. "टेबलाच्या उंचीचा. आता तो मुलांना होईल."

म्हणजे आधीच लावला होता! आणि मी हात मांड्यांखाली घालून बसले होते!

१७ एप्रिल, शुक्रवार

तीनदा फोन उचलला. वाक्य साधं आहे. "मला यायचंय." तीन वर्षांचं मूलसुद्धा बोलेल. मला बोलता येत नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याच्या तोंडावर म्हटलं होतं, मी काही मोडीत निघाले नाही. आता कुठल्या तोंडाने?

आणि तो विचारणार नाही. मला माहीत आहे तो विचारणार नाही. पंचेचाळीस वर्षं कोरा चहा पितोय तो!

मला एकटं वाटतं. लिहून टाकते इथे एकदाचं. नऊ वर्षं वाटतंय. हात चालत होते तोवर कळत नव्हतं.

१९ एप्रिल, रविवार

सकाळी अडॅप्टर बंद केला. लाल तार काढली. अडॅप्टर चालू केला. मोटर थरथरायला लागली.

धाकट्याला फोन लावला. "मशीन चालत नाहीये रे."

तो म्हणाला, "थरथरतेय?"

"हो."

"जागच्या जागी?"

"हो."

"ताई, मग लाल तार निघाली असेल."

मोटरीचा आवाज त्यालाही ऐकू जात असणार.

"नऊ चाळीसची बस आहे," म्हणाला. "टेप घेऊन निघतो. तोवर ती तार लावू नकोस."